जिप्सी उचलल्यापासून साठच्या वर वेग गेला की पुढची चाकं थरथरतात

कणकुंबीकर:
नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी किंग, लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत माझ्याकडे आलेली. बाहेरून पांढरी करून घेतली आहे, पण दाराच्या आतल्या कडेला हिरवा रंग अजून दिसतो. इंजिनाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती खालची.

आमची काजूची बाग कणकुंबीच्या अलीकडे, डांबरी सोडून आत. पावसाळ्यात तिथली लाल वाट ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांनी इतकी खोल होते की मधला वरंबा थेट गोळ्याला (डिफरन्शियलला) घासतो. वरंब्यात जांभ्याचे दगड असतात ते वेगळेच. म्हणून गेल्या उन्हाळ्यात गाडी उचलून घेतली. गॅरेजवाल्यानं चारी बाजूंना मूळपेक्षा दोन इंचांनी लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या) टाकले आणि २३५/७५ आर १५ चे टायर चढवले. पाटे (लीफ स्प्रिंग) जुनेच, शॉकअप जुनेच. गाडी दिसायला झकास झाली, घरातली पोरं खूश.

त्यानंतर गाडीचा स्वभावच बदलला. बेळगाव-खानापूर रस्त्यावर साठ-पासष्टला चाललो असताना पुलाच्या सांध्यावरून गेलं की पुढची चाकं डावी-उजवी अशी झटकायला लागतात, स्टेअरिंग हातात धरवत नाही. चाळीसच्या खाली आल्याशिवाय थांबत नाही. बायको शेजारी असली तर पुढचा प्रवास एका शब्दाशिवाय होतो. सरळ रस्त्यावरही गाडी भरकटते. चोर्ला घाटात वळण संपलं की स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही, हातानं परत आणावं लागतं. पूर्वी हे नव्हतं. शिवाय पुढचं चाक खड्ड्यात उतरलं की वरच्या बाजूला खट्ट असा आवाज येतो.

बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झाली, मशीनच्या कागदावर टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती) बरोबर. गॅरेजवाल्यानं स्टेअरिंग डँपर (स्टेअरिंगचे झटके दाबणारा छोटा शॉकअप) लावून दिला. उन्हाळाभर बरं वाटलं, पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा तेच. आता तो म्हणतो चारी शॉकअप बाहेरचे, गॅसचे टाका. खर्च ऐकून मी गप्प बसलो. खरंच शॉकअपचा दोष असेल तर टाकतो. पण त्याआधी जाणत्यांना विचारावं म्हटलं.

निपाणीचा डिझेलवाला:
भावा, शॅकलवर गाडी उचलणं म्हणजे अर्धवट काम. सरळ पाटे हाउसिंगच्या (दोन चाकांमधल्या अखंड ॲक्सलच्या) वर घ्या, पाच-सहा इंच मिळतील, ३१ चे टायर बसतील. नाहीतर पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग करा. एकदाच खर्च, मग बघायला नको.

उद्यमबागचा टर्नर:
निपाणीच्या मामांनी सांगितलं तसं केलंत तर आत्ताच्या तीन भानगडींच्या नऊ होतील. पाटे वर घेतले की स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक तिरकी, गोळ्याला फिरवणाऱ्या जॉइंट शाफ्टचे कोन वेगळे, ब्रेकचे पाइप आखूड, ब्रेक मारला की हाउसिंग पिळ खातं. ज्याला रविवारी चिखलात खेळायचंय त्यानं जरूर करावं. तुम्हाला काजूची पोती आणायची आहेत आणि संध्याकाळी घरी पोचायचं आहे.

शॉकअपला हात लावू नका. निदान अजून नको. आणि तो डँपर आधी काढा. हे वाचून गॅरेजवाला रागावेल, रागावू दे. डँपर रोग बरा करत नाही, लक्षण दाबतो. उन्हाळाभर तो दाबत राहिला आणि खालचं जे सैल होतं ते आणखी सैल झालं. पावसात लाल चिखल आत गेला, ग्रीस धुऊन निघालं, आणि दबलेलं वर आलं.

तुमच्या गाडीत दोन गोष्टी एकत्र आल्या असाव्यात असा माझा अंदाज. स्टेअरिंग परत येत नाही आणि गाडी भरकटते, ही एक. सांध्यावर झटका बसला की थरथर सुटते, ही दुसरी.

पहिलीचं कारण शॅकल. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. जिप्सीच्या किंगपिनचं, म्हणजे ज्या खिळीवर चाक वळतं तिचं, वरचं टोकही तसंच थोडं मागे कललेलं असतं, साधारण तीन-साडेतीन अंश. त्याला कॅस्टर म्हणतात. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं, मागचं टोक चासीला पक्कं. शॅकल दोन इंच लांब केलं की पाट्याचा पुढचा डोळा (टोकाचं गोल भोक) खाली जातो, मागचा तिथंच राहतो, आणि अख्खं हाउसिंग पुढच्या बाजूला झुकतं. टेप घ्या आणि डोळ्यापासून डोळ्यापर्यंत मोजा. समजा नव्वद सेंटीमीटर भरलं. त्या अंतरात पाच सेंटीमीटर उतार म्हणजे तीन अंशांच्या आसपास. म्हणजे कंपनीनं जेवढा कॅस्टर दिला होता तेवढा जवळजवळ सगळा तुम्ही शॅकलला देऊन टाकलात. उंची मात्र मिळाली एकच इंच, कारण हाउसिंग पाट्याच्या मधोमध बसतं, टोक दोन उतरलं की मध्य एकच उतरतो.

अलाइनमेंटच्या कागदावर हे दिसलं नाही कारण बहुतेक ठिकाणी अशा अखंड हाउसिंगच्या गाडीचा फक्त टो बघतात. कॅस्टर सेट करायला तिथं बोल्टच नाही, मग बघणार कोण.

घरी मोजता येतं. सपाट फरशीवर गाडी उभी करा, चाकं सरळ. नकलच्या (चाकाबरोबर वळणाऱ्या सांध्याच्या) वर किंगपिनची टोपी आहे, तिची वरची सपाट बाजू तारेच्या ब्रशनं घासून साफ करा आणि त्यावर पुढून मागे असा कोन मोजा. डिजिटल अँगल मीटर नसेल तर मोबाइलमधलं लेव्हलसुद्धा चालतं. फरशीचा कोनही मोजून वजा करा. आमच्याकडच्या निम्म्या फरश्या पाणी जायला उताराच्या असतात.

आता थरथर. चाक जॅकवर उचला, खाली पक्कं स्टँड द्या. टायर वर आणि खाली धरून हलवा. हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हालचाल गेली तर व्हील बेअरिंग ढिलं. ब्रेक दाबूनही हलत असेल तर किंगपिन. बेळगावातल्या जुन्या जिप्सी बघता मी पैज किंगपिनवर लावीन.

किंगपिनच्या टोपीखाली पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतात. बेअरिंग झिजलं की त्याच्यावरचा दाब कमी होतो, नकल मोकळा होतो, आणि जरा झटका मिळाला की चाक डोलायला लागतं. शिम कमी केल्या की दाब वाढतो. किती कमी करायच्या ते अंदाजानं ठरवू नका. दोन्ही चाकं जोडणारा टाय रॉड सोडवा, नकलचं मागचं तेलाचं सील मोकळं करा, आणि टाय रॉडच्या भोकात मासे तोलतात तसला स्प्रिंगकाटा अडकवून ओढा. नकल फिरायला लागताना काटा एक ते पावणेदोन किलोच्या दरम्यान दाखवायला हवा. त्याहून कमी म्हणजे ढिलं, जास्त म्हणजे बेअरिंग लवकर जाईल. टोपी उघडल्यावर बेअरिंगच्या वाटीत बोट फिरवा. रोलरच्या जागी बारीक खळगे लागले तर शिमचा खेळ करण्यात अर्थ नाही, वाटीसकट बेअरिंग बदला. नकलच्या आतून चहासारखं पाणी आलं तर सीलही गेलंय असं समजा.

टायरबद्दल एक. मूळ २०५/७० च्या जागी २३५/७५ म्हणजे व्यास साडेसहा सेंटीमीटरनं वाढला. मीटरवर ६० दिसतं तेव्हा तुम्ही ६६ ला असता. चाक जडही झालं. जड चाक आणि शून्य कॅस्टर ही जोडी थरथरायला पुरेशी आहे. त्यात रिम बाहेर काढलेली असेल तर विचारूच नका. रिम कुठली आहे ते लिहा.

आणि खट्ट आवाज. चासीवर जॅक लावून पुढचं हाउसिंग मोकळं लोंबू द्या. शॉकअप पूर्ण ताणला गेलाय आणि पाटा अजून खाली यायला बघतोय असं दिसलं तर तो आवाज शॉकअपच्या टोकाचा. त्याच वेळी ब्रेकच्या रबरी पाइपवर हात फिरवा. तो ताणलेला दोरीसारखा कडक लागला तर बाकीचं सगळं नंतर, आधी तो बदला.

कणकुंबीकर:
टर्नरसाहेब, तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. देवळासमोरच्या फरशीवर गाडी लावली, पुजाऱ्यांनी काय चाललंय म्हणून विचारलं, त्यांनाच ब्रेकवर बसवलं.

डावं चाक ब्रेक दाबूनही हलतंय. टोपीजवळ डोळा नेला की नकल आणि हाउसिंगच्या मध्ये फट उघडते-मिटते हे स्पष्ट दिसतं. उजवं बरं आहे. कॅस्टर उतार वजा करून डावीकडे अर्धा अंश, उजवीकडे त्याच्या जवळपास. शॉकअप तुम्ही म्हणालात तसाच, हाउसिंग लोंबलं की पूर्ण ताणतो. ब्रेकचा पाइप ताणलेला नाही, पण वळणाजवळ बारीक चिरा आहेत, तो मागवला. रिम मूळचीच आहे, लोखंडी.

आता कॅस्टर परत आणायचा कसा? लांब शॅकल काढायचं जिवावर येतंय, पैसे गेलेत.

चंदगडचा काजूवाला:
दादा, मी पलीकडचाच, आमच्याकडेही हीच लाल माती आणि हीच चाकोरी. एक विचारतो, राग मानू नका. गोळा घासतो म्हणून गाडी उचलली म्हणालासा. शॅकल लांब केल्यानं गोळा वर गेला का? गोळा हाउसिंगला आहे आणि हाउसिंग चाकांच्या मध्ये. चासी कितीही वर न्या, गोळ्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायरनं वाढते. तुमचा गोळा सव्वा इंच वर गेला तो टायरमुळे. शॅकलनं वर गेली ती बॉडी.

मी असतो तर पुढचे शॅकल मूळ मापाचे परत टाकले असते. कॅस्टर आपोआप जागेवर येतो, कोन सुधारायला पाचर नको, काही नको. टायर पूर्ण वळवल्यावर किंवा दाबल्यावर मडगार्डला घासत असेल तर पाटे उघडून पुन्हा कमान चढवून घ्यायची, नाहीतर एक पाटा वाढवायचा. पाट्यानं उचललं की दोन्ही डोळे सारखेच वर जातात, हाउसिंग झुकत नाही. लांब शॅकलचा आणखी एक ताप म्हणजे आडवा हेलकावा. घाटात वळणावर गाडी पाट्यांवर एका बाजूला सरकल्यासारखी वाटते, रबरी बुश जुने असले तर जास्तच.

पण पाटा वाढवला की रिकामी गाडी हाडं मोडते हेही सांगतो. जिप्सी मुळातच कडक. आमच्या भावानं दोन वाढवले, आता त्याच्या गाडीत त्याची आईसुद्धा बसत नाही. मागं पोती टाकत असाल तर मागं एक वाढवा, पुढं फक्त कमान.

आणि चिखलात खरा फरक हवेचा पडतो. वाटेला लागताना अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरीवर आल्यावर भरून घ्या. बारा व्होल्टचा पंप शॉकअपच्या एका नगापेक्षा स्वस्त येतो.

उद्यमबागचा टर्नर:
चंदगडवाले बरोबर बोलले. गोळ्याचं मी लिहायला हवं तितकं ठळक लिहिलं नव्हतं. पुढचे मूळ शॅकल मिळत असतील तर तोच सरळ मार्ग. मूळ शॅकल गॅरेजात पडलेले असतील, भंगारात गेले नसतील तर उद्याच मागून घ्या.

ठेवायचेच असतील तर पाचर. तिला लोक शिम म्हणतात, तिरकी पट्टी म्हणतात, काहीही म्हणा. पाटा आणि हाउसिंगच्या बैठकीमध्ये बसते. जिप्सीत पाटा हाउसिंगच्या खाली असतो, म्हणून जाड बाजू पुढे. उलटी बसली तर आहे तो अर्धा अंशही जाईल आणि गाडी रस्त्यावर आणण्यालायक राहणार नाही. बसवणाऱ्याच्या समोर उभे राहा.

लोखंडी घ्या. ॲल्युमिनियमच्या पाचरा बाजारात मिळतात, पण दाबाखाली चेपतात, काही वेळा फुटतातही, आणि फुटली की यू-बोल्ट त्याच क्षणी सैल. रुंदी पाट्याएवढी. लांबी १२० मिमी धरली तर तीन अंशांसाठी एक टोक दुसऱ्यापेक्षा सव्वासहा मिमी जाड लागतं. तीनच्या पुढे जाऊ नका आणि एकावर एक दोन पाचरा तर कधीच नाहीत. कारण हाउसिंग मागे कललं की गोळ्याचं नाक खाली जातं आणि पुढच्या जॉइंट शाफ्टच्या क्रॉसला जास्त कोनात फिरावं लागतं. ते फक्त फोर व्हीलमध्ये जाणवेल. हब मोकळे करता येत असतील तर टू व्हीलमध्ये तो शाफ्ट फिरतच नाही. म्हणजे हब मोकळे असूनही घरघर ऐकू आली तर पुढच्या शाफ्टला दोष देऊ नका, मागचा बघा.

यातली एक गोष्ट बरेच लोक विसरतात. सेंटर बोल्टचं डोकं हाउसिंगच्या बैठकीतल्या भोकात बसतं, हाउसिंग पुढे-मागे सरकू नये म्हणून. मध्ये पाचर आली की ते डोकं भोकापर्यंत पोचत नाही. मग सगळा भार यू-बोल्टच्या आवळण्यावर येतो, आणि एखाद्या दिवशी ब्रेक मारल्यावर एक बाजू सरकते. म्हणून उंच डोक्याचा सेंटर बोल्ट लागतो. तयार नाही मिळाला तर लेथवर करता येतो, पण साध्या लोखंडाचा नको, चांगल्या पोलादाचा, नाहीतर मान तुटते.

मागच्या बाजूला शॅकल मागच्या टोकाला आहे, तिथं गोळ्याचं नाक थोडं वर गेलं असेल. घरघर नसेल तर हात लावू नका.

बेळगावचा कागदवाला:
यांत्रिक बाजू तुम्ही लोक बघा, मी फक्त कागदांचं बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी, म्हणजे कंपनीच्या मूळ मापाशी, न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. खासगी गाडीची पंधरा वर्षं झाली की नूतनीकरणाला गाडी समोर उभी करावी लागते, तेव्हा निरीक्षक खाली वाकून बघतात. लिलावाची गाडी म्हटल्यावर तर चासी नंबरही भिंग लावून बघतात. अपघात झाला तर विमावालेही हाच मुद्दा काढतात. चंदगडवाल्यांचा मूळ शॅकलचा सल्ला मला या कारणानं जास्त पटतो. मूळ शॅकल असो की लांब, जुने सुटे भाग फेकू नका, गोठ्यात ठेवा.

आणि हौस म्हणून भीमगड अभयारण्याच्या बाजूच्या वाटांवर गाडी घालू नका. तिथं सस्पेन्शन कुणी विचारत नाही, थेट गाडी जप्त होते.

कणकुंबीकर:
डावीकडचं किंगपिनचं काम झालं. खालच्या बेअरिंगच्या वाटीत खळगे होते, नवीन टाकलं. काटा सव्वा किलो दाखवतोय. उजवीकडे फक्त एक शिम काढली. डँपर काढून ठेवला आणि त्याच पुलावरून सत्तरनं नेली. सांध्यावर स्टेअरिंग एकदा थोडं हललं आणि थांबलं. भरकटणं अजून आहे, ते अर्थात कॅस्टरचंच.

पुढचे मूळ शॅकल गॅरेजात सापडले, एकाचा बुश फाटलेला. टायर मूळ उंचीला पूर्ण वळवून बघितला तर बंपरच्या मागच्या कोपऱ्याला जेमतेम लागतो. कमान चढवून घ्यायची का कोपरा कापायचा या विचारात आहे. बंपर कापायला धाकटा मुलगा तयारच आहे, ग्राइंडर घेऊन उभा आहे.

उद्यमबागचा टर्नर:
ग्राइंडर त्याच्या हातून काढून घ्या. आधी शॅकल बसवा, गाडीत दोन माणसं बसवा, मग बघा लागतो का. वजन पडल्यावर अंतर बदलतं. लागलाच तर कमान, कारण कापलेला बंपर परत जोडता येतो पण चांगला दिसत नाही.

बुश चारी नवीन घ्या. फाटलेल्या एकाबरोबर तीन जुने ठेवू नका. शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त हातानं लावा. गाडी जमिनीवर उतरवून, पुढे-मागे ढकलून, मग आवळा. लोंबत्या अवस्थेत आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि एका पावसाळ्यात फाटतं. तुमचा फाटलेला बहुधा तसाच गेला असेल.

यू-बोल्ट सोडवावे लागले तर जुने परत लावू नका, त्यांचे आटे ताणलेले असतात. नवे लावून आडवे-तिरपे थोडे थोडे आवळा. चार-पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा पाना लावा, पाटे बसतात आणि थोडी ढिलाई येतेच. तेव्हाच स्टेअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्टही बघा. डँपर लावून गाडी इतके महिने झटकत होती, तिथं चीर गेली नाही ना याची मला शंका आहे. माती धुवून, कापडानं पुसून, बॅटरीच्या उजेडात बघा. चीर असली तर फोटो टाका, वेल्डिंग कुठून कुठवर करायचं ते सांगतो.

शॉकअपचं विसरून जा. पुढची उंची मूळ झाली की खट्ट आवाज जाईल. मागं आवाज नसेल तर मागचेही चालू द्या.